मुखत्यारपत्राविना मुखत्यार

माननीय धर्मादाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, वरळी, मुंबई, यांस



मी भाईंदर येथे राहणारा, जन्मांध, फोर्टातील एका बँकेत 31 वर्षे टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करून निवृत्त झालेला एक सामान्य मनुष्य असून, अंधांच्या हक्कांसाठी शासनदरबारी दाद मागणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेचा गेली 24 वर्षे सभासद आहे. संस्थेचे नाव येथे मुद्दाम घालीत नाही. ज्या उणिवेविषयी लिहावयाचे आहे तिचा उगम कोणा एका पदाधिकाऱ्याच्या दुष्ट हेतूत शोधणे अन्यायाचे होईल. ती एक जुनी वहिवाट आहे, आणि ती मोडण्याचे सामर्थ्य आपल्या दप्तरापाशी आहे अशी माझी समजूत असल्यामुळे हे पत्र आपणांस लिहीत आहे.

आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना पूर्वी टपालाने, छापील कागदावर येत असे, व शेजारच्या बिऱ्हाडातील कोणी शाळकरी मुलगा मोकळा सापडेपर्यंत ती फळीवर पडून राही. आता ती मोबाईलवर येते; परंतु ती त्याच छापील कागदाचे छायाचित्र काढून धाडलेली असल्यामुळे, एरवी वर्तमानपत्रापासून विजेच्या बिलापर्यंत सारे काही मला घडाघडा वाचून दाखविणारा टॉकबॅक तिच्यापाशी आला की ‘इमेज’ एवढाच शब्द उच्चारून थांबतो. त्या छायाचित्रात सभेची वेळ असते, विषयपत्रिका असते, मागील वर्षाचा जमाखर्च असतो, कधी घटनादुरुस्तीचा मसुदाही असतो. आणि ज्या शेसव्वाशे माणसांनी त्यावर विचार करून यावयाचे, त्यांच्यातील बहुतेकांना त्यातले एक अक्षरही स्वतःच्या बळावर कळू शकत नाही. हीच संस्था सरकारी परिपत्रके अंधांना वाचता येतील अशा स्वरूपात काढावीत म्हणून मंत्रालयाकडे अर्ज करते, आणि तो अर्ज सर्वथैव न्याय्य आहे.

दोन वर्षांमागील सभा मला विसरता येत नाही. ती दादरला, रविवारी सकाळी होती. त्या दिवशी पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक असल्याने गाड्या रखडत होत्या. उत्तनच्या माझ्या एका सहसभासदाला, तिकडे रेल्वे नसल्यामुळे, आधी बसने भाईंदर स्टेशन गाठावे लागले. तेथून आम्ही दोघे अपंगांच्या डब्यात चढलो आणि सभास्थानी पोहोचलो तेव्हा जमाखर्चाला मंजुरी मिळून गेली होती. पुढला विषय कार्यकारिणीच्या निवडणुकीचा होता. एका जागेसाठी दोन उमेदवार उभे होते. अध्यक्षांनी पहिल्याचे नाव पुकारले आणि, “अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत,” असे सांगितले. मी हात वर केला. माझ्या डावीकडे कोणी हात वर केला, उजवीकडे कोणी तसाच बसून राहिला, हे मला कळले नाही. माझ्या उजवीकडच्याला माझे कळले नाही. त्या सभागृहातील अंध सभासदांपैकी कोणालाही कोणाचे कळले नाही. कोठेतरी पुढे एक डोळस कर्मचारी हात मोजीत होता. त्याने आकडा सांगितला, अध्यक्षांनी तो पुन्हा उच्चारला, टाळ्या झाल्या, आणि आमचा प्रतिनिधी निवडला गेला. तो आकडा खरा असेल; तो खोटा होता असे मी म्हणत नाही. परंतु तो खरा की खोटा हे पारखण्याचे कोणतेही साधन, ज्यांची ती निवडणूक होती त्यांच्या हाती नव्हते; आणि मत गुप्त राखण्याची मुभाही नव्हती, कारण ज्यांना दृष्टी होती त्यांना प्रत्येकाचा हात दिसतच होता.

ह्या प्रसंगाशी मी माझा दुसरा एक अनुभव नेहमी ताडून पाहतो. लोकसभेच्या निवडणुकीत भाईंदरच्या शाळेतील मतदानकेंद्रावर मी मतदानयंत्रावरील कळींशेजारचे ब्रेल अंक बोटांनी चाचपून, कोणाला न विचारता, कोणाला न सांगता माझे मत दिले. सोबत मदतनीस नेण्याची सवलत कायद्याने मला होती. ती मी घेतली नाही. बाहेर पडताना जे समाधान मनात होते त्याचे वर्णन करणे मला साधणार नाही. अफाट लोकसंख्येच्या ह्या देशाने अंध मतदाराच्या बोटांची आठवण ठेवली, आणि अंधांनी अंधांसाठी चालविलेल्या शेसव्वाशे माणसांच्या संस्थेला ती ठेवता आली नाही, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागून राहिली आहे.

यात माझाही अपराध आहे, तो लपवून मला आपल्यापाशी दाद मागता येणार नाही. कित्येक वर्षे मी सभेच्या दारात हजेरीपटावर, कर्मचारी बोट धरून दाखवील त्या ठिकाणी, सही करीत आलो. त्या सहीच्या वरच्या बाजूस कोणता मजकूर लिहिलेला आहे हे मी एकदाही विचारले नाही. आमच्यातील पुष्कळांची सभासदत्वाची कल्पना प्रमाणपत्राच्या शिफारशीपुरती, पांढऱ्या काठ्यांच्या वाटपापुरती आणि दिवाळीच्या फराळापुरती आकुंचित झालेली आहे. सभेत जेवण आधी आणि ठराव नंतर ठेवला, तर ठरावाच्या वेळी सभागृह ओस पडते. पदाधिकारी मग म्हणतात की, सभासदांना कारभारात रस नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही, परंतु अपुरे आहे. ज्याला विषयपत्रिका वाचता येत नाही, हिशेब कळत नाही आणि मतमोजणी पडताळता येत नाही, त्याचा रस कशाच्या आधाराने टिकावा?

प्रतिनिधीने सभासदांचा खरा आधार कसा मिळवावा, ह्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राला नवे नाही. 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिच्यामागे पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयीचा असंतोष होता. म्हणजे जे विषय आज आपल्या अधिकारकक्षेत येतात त्यांच्यापैकीच एकातून ती जन्मली. सरकारापुढे लोकांच्या वतीने बोलावयाचे तर, “तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?” हा प्रश्न येणारच, हे गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी ओळखले, आणि सभेचा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान 50 प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे असा दंडक घातला गेला. आरंभीचे 95 सभासद असे सुमारे 6,000 लोकांची मुखत्यारी घेऊन आले होते. मताधिकार म्हणजे काय हे ज्या काळी सामान्य रयतेला ठाऊकही नव्हते, त्या काळी सार्वजनिक काकांनी प्रतिनिधित्वाचा पाया वक्तृत्वावर, विद्वत्तेवर वा दानशूरतेवर न घालता लोकांच्या सहीवर घातला. मला तर त्या संस्थेच्या पुढील कोणत्याही अर्जापेक्षा किंवा ठरावापेक्षा हा पहिला दंडक थोर वाटतो.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1970 साली, दिल्लीस नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही अंधांची देशव्यापी संघटना उभी राहिली. तिच्या आधी, 1952 साली, मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली होती, जिने शिक्षण, प्रशिक्षण व पुनर्वसन यांच्या क्षेत्रांत केलेले कार्य माझ्यासारख्या अनेकांच्या पोटापाण्याशी निगडित आहे, आणि जिच्याविषयी माझ्या मनात केवळ कृतज्ञता आहे. दोन नावांतील फरक मराठीत सांगावयाचा तर एक ‘अंधांसाठी’ आहे व दुसरी ‘अंधांची’; एकीत चतुर्थीचा भाव आहे, दुसरीत षष्ठीचा. अमेरिकेत 1940 साली जेकोबस टेनब्रोक ह्या अंध कायदेपंडिताने ह्या षष्ठीचाच आग्रह धरून संघटना उभारली होती. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीनेही 2018 साली स्पष्ट केले की, अपंगांची संघटना तीच, जिचे नेतृत्व व नियमन अपंग व्यक्तींच्याच हाती असते आणि जिच्या सभासदांत त्यांचे स्पष्ट बहुमत असते. भारताने त्या कराराला 2007 सालीच मान्यता दिली असून, अपंगांनी आपल्या संघटना स्थापाव्यात व त्यांत सहभागी व्हावे ही तरतूद त्याच्या 29 व्या अनुच्छेदात आहे. तथापि केवळ अध्यक्ष अंध असला म्हणजे षष्ठी सिद्ध होते असे मला वाटत नाही. स्वामित्वाचा प्रत्यय सभासदाला लागावा लागतो.

ही व्याकरणाची हौस नव्हे; हक्कांचे भवितव्य तिच्यावर अवलंबून असते. 1995 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांना दिलेले 3 टक्के आरक्षण, त्यातील 1 टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी, कसे मोजावयाचे ह्या प्रश्नावर नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड दिल्ली उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडली, आणि 8 ऑक्टोबर 2013 रोजी निकाल लागला की, ते आरक्षण केवळ अपंगांसाठी निश्चित केलेल्या पदांवर नव्हे, तर संवर्गातील एकूण रिक्त जागांवर मोजले पाहिजे. एकट्या उमेदवाराला हा लढा झेपला नसता. आज आमच्या मिरा-भाईंदर महानगरपालिकेसह राज्यातील स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा असे शासनाचे आदेश आहेत. तो निधी काठ्यांवर खर्च व्हावा, की स्टेशनाबाहेरच्या पदपथांवर, की अंध विद्यार्थ्यांच्या लेखनिकांवर, हे आयुक्तांच्या दालनात जाऊन सांगणार कोण? ज्याच्या हाती सभासदांची मुखत्यारी आहे तोच सांगू शकेल. इतरांचे बोलणे, कितीही कळकळीचे असले तरी, शेवटी एका व्यक्तीचे मत ठरेल.

आता विनंती. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली नोंदलेल्या आमच्यासारख्या संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालीही आपल्या दप्तरी रुजू असतात, आणि त्या अधिनियमाच्या कलम 41अ अन्वये विश्वस्तव्यवस्थेचा कारभार नीट चालावा म्हणून विश्वस्तांना निदेश देण्याचा अधिकार आपणांस आहे. दृष्टिहीनांच्या संस्थांपुरते आपण असे निर्देशित करावे की, सभेची सूचना, मागील इतिवृत्त व जमाखर्च सभासदाला ब्रेलमध्ये, ध्वनिमुद्रणात किंवा पडद्यावर वाचता येणाऱ्या मजकुराच्या रूपात, तो मागेल त्या पद्धतीने, सभेच्या मुदतीपूर्वी मिळाल्याखेरीज ती सूचना दिली गेली असे मानले जाऊ नये. 1860 च्या अधिनियमाचे कलम 15 सांगते की, ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली त्याला मत नाही; हा नियम रास्त आहे, परंतु वर्गणी थकल्याची आठवण सभासदाला त्याच्या वाचनीय स्वरूपात पोहोचविण्याची जबाबदारी संस्थेवर असावी, कारण लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून पोट भरणाऱ्या माझ्या एका मित्राला आपले मत गेल्याचे सभेच्या दारातच कळले होते. आणि निवडणूक हात वर करून होऊ नये.

मतपत्रिकेविषयी मी एक साधा उपाय सुचवितो, जो मी स्वतः घरी पुठ्ठे कापून पाहिला आहे. प्रत्येक सभासदाला उमेदवारांइतकी पुठ्ठ्याची कार्डे एका पाकिटातून द्यावीत. पहिल्या उमेदवाराच्या कार्डाला कडेला एक खाच, दुसऱ्याच्याला दोन, तिसऱ्याच्याला तीन. आडोशाला जाऊन मतदाराने हवे ते कार्ड पेटीत व उरलेली दुसऱ्या पेटीत टाकावीत, आणि मोजणी दोन अंध व दोन डोळस सभासदांनी मिळून, प्रत्येक कार्ड मोठ्याने पुकारून, भर सभेत करावी. ज्यांना प्रौढपणी अंधत्व आले आणि ज्यांना ब्रेल येत नाही अशांची संख्या आमच्यात मोठी आहे. त्यांनाही खाच कळते. खर्चाची सबब येथे टिकत नाही, आणि जमाखर्चाच्या बाबतीतही टिकत नाही, कारण चिटणीसांनी तो मोबाईलवर वाचून ध्वनिमुद्रित करून धाडण्यास अर्धा तास आणि स्वच्छ उच्चार यांपलीकडे काही लागत नाही.

हिशेब वाचनीय झाले म्हणजे भांडणे वाढतील, असे एका सद्गृहस्थाने मला बजावले. वाढोत. ज्या घरात हिशेबावरून शब्दाला शब्द लागतो, ते घर अजून सगळ्यांचे असते.

शेवटी आपल्या स्वतःच्या दप्तराविषयी. दिव्यांगजन हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 12 ने शासनाचे सार्वजनिक दस्तऐवज सुगम स्वरूपात असावेत व अभिलेख राखणाऱ्या कार्यालयांना त्यासाठी साधने पुरवावीत अशी तजवीज केली आहे. येत्या महिन्यात उत्तनचे माझे मित्र व मी माझ्या संस्थेची मंजूर घटना व नोंदवहीचा उतारा मागण्याकरिता अर्ज करणार आहोत. त्या अर्जाच्या उत्तरी मिळणारी नक्कल, आणि ह्या पत्रास आपण उत्तर दिल्यास ते उत्तरही, कागदाच्या छायाचित्राच्या रूपात न धाडता अक्षरांच्या रूपात धाडावे, म्हणजे ते शेजारच्या मुलाची वाट न पाहता मला त्याच दिवशी वाचता येईल. खाचा पाडलेल्या कार्डांचा एक संच मी सोबत आणीन. तो आपण डोळे मिटून एकदा हाताळून पाहावा.



आपला नम्र,
भाईंदर येथील एक अंध सभासद