‘साताऱ्यात’ दोन, ‘ॲरिस्टॉटल’ दोन

युनिकोड आले आणि संगणकावरील मराठीचा प्रश्न मिटला, असे आमच्या क्षेत्रात सर्रास मानले जाते. हे आम्हांस मान्य नाही.

‘ॲ’चेच पाहा. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर ‘अ’वर अर्धचंद्र चढवून काम भागवले जाई. आजही दोन्ही रीती चालू आहेत. एका रीतीने लिहिलेला ॲरिस्टॉटल दुसऱ्या रीतीने शोधू गेल्यास सहसा सापडत नाही. ‘साताऱ्यात’ या शब्दाचेही तेच. तो खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ने लिहिता येतो, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्याला एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो.

त्यात लिनक्सची तऱ्हा आणखी निराळी. अक्षरे जुळवणारी लायब्ररी आणि फॉन्ट प्रत्येक वितरण आपापल्या पॅकेजांतून पुरवते. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षे तीच पॅकेजे गोठवून ठेवते. फेडोरा सहा महिन्यांनी पुढे सरकते. सर्व्हरसाठी हे गोठवणे शहाणपणाचे असेल, लिपीसाठी नव्हे. लिब्रेऑफिसने सर्व प्रणालींवर हार्फबझ ही एकच जुळणी-लायब्ररी आणली ती २०१७ मध्ये. त्याआधीच्या आवृत्तीवर अडकलेला एखादा संगणक सांगलीत असेल, तर साताऱ्यात रचलेल्या प्रबंधाच्या ओळी तिथे वेगळ्या तुटू शकतात. फॉन्ट त्याहूनही बराच जुना असेल तर ‘ॲ’च्या जागी चौकोन दिसू शकतो. नवे पॅकेज उचलून बसवावे, तर फेडोराचे आरपीएम डेबियनला थेट चालत नाही. चालणारे मिळाले तरी ते आणखी चार नव्या लायब्रऱ्या मागते.

‘हे तंत्रज्ञांचे काम’, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना आमचा प्रश्न आहे: मग पाठचिकित्सा कोणाचे काम? नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, हे आपण वर्गात अभिमानाने सांगतो. लेखनिकांचे पाठभेद निदान डोळ्यांना दिसत तरी होते!

प्रबंधाच्या नियमावलीत समास किती सोडावा हे असते. ‘ऱ’ कोणत्या रीतीने, ‘ॲ’ कोणता, फॉन्ट कोणता, याविषयी सहसा अक्षर नसते. विद्यापीठाच्या मराठी अभ्यासमंडळाने ते आता ठरवून द्यावे. आणि अक्षर मोडलेले दिसले की वितरणाच्या दोषनोंदीत तक्रार मराठीच्या प्राध्यापकानेच घालावी. ‘साताऱ्यात’ कसे दिसायला हवे, हे परदेशातल्या पॅकेज सांभाळणाऱ्याला कोण सांगणार?