मागचा बाक नसलेली शाळा

या आठवड्यातला राग कॉफीवाल्या पोरावर. मी घोकून घोकून स्पॅनिशमध्ये कॉफी मागतो आणि तो गोड हसून इंग्रजीत विचारतो, दूध घालू का? अरे बाबा, मी काय इंग्रजी बोलायला ग्वाटेमालात आलोय?

हे अँटिग्वा गाव एके काळी मध्य अमेरिकेतल्या स्पॅनिश अमलाची राजधानी होतं. 1773 च्या भूकंपांनी ते पाडलं आणि 1776 मध्ये राजधानी दुसरीकडे हलवली. मागे उरली मोडकी चर्चं आणि दगडगोट्यांचे रस्ते. माझे गुडघे कुरकुरे, त्यामुळे रस्त्यांबद्दल गप्प बसतो. आता इथे गल्लोगल्ली स्पॅनिशच्या शाळा आहेत.

शाळेची तऱ्हा अशी, की एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, रोज सकाळी चार तास. मागचा बाकच नाही! जन्मभर ज्या बाकाच्या आधाराने शिकलो, तोच काढून घेतलेला. शिवाय चार तास बोलायचं काय? हवापाणी संपतं, समोरचा ज्वालामुखी किती धूर सोडतोय तेही सांगून होतं, मग बाई हळूच घरात शिरतात. दादर-पुणे प्रवासात शेजारी बसलेल्या काकूंसारख्या. भूतकाळ शिकवायचाय ना? मग तुमचं लग्न कसं जमलं ते सांगा. भविष्यकाळ? मुलगी लग्न कधी करणार? इच्छा सांगायला स्पॅनिशमध्ये क्रियापदाचं रूप बदलतं, म्हणून पुढचा अख्खा तास जावई कसा हवा, यावर.

हा विषय काढायला मला स्वतःच्या घरात बंदी आहे, आणि इथे मी तो फळ्यासमोर बसून, चुका दुरुस्त करून घेत बोलतोय. ज्यांच्या घरी राहतो त्या मावशींनी रात्री काळा घेवडा आणि मक्याची भाकरी वाढताना विचारलं, जावई शाकाहारीच हवा का? म्हणजे बातमी जेवणाआधी पोहोचली होती.

तरी बाईंवर रागावता येत नाही. त्या घरी काक्चिकेल बोलतात. ही इथल्या माया लोकांची भाषा. स्पॅनिश त्यांनाही शाळेतच शिकावी लागली, म्हणून असेल, मी अडखळलो की त्या हसत नाहीत, थांबतात.

तेव्हा इथे शिकायला यायचा बेत असेल, तर घरातलं काय सांगायचं नाही ते आधी ठरवून या. क्रियापदं बाई शिकवतील.