नाव सांग ना, बॉस!

शनिवारची रात्र, साडेअकरा. पिक्चर सुटलेला. बाइक माझी, चालवत होता मित्र आणि हेल्मेट दोघांचीही घरी. (हो, माहितीये. पुण्यात हा विषय नकोच!) म्हात्रे पुलाच्या अलीकडे नाकाबंदी. हवालदारसाहेबांनी बाजूला घेतलं. ‘‘नाव काय?’’

मित्राने बिनधास्त धाकट्या भावाचं नाव ठोकून दिलं.

मागे मी गार! कारण आतली गोष्ट मला ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी याने एकाला दिलेला ४० हजारांचा चेक बाउन्स झाला. कोर्टाचं समन्स आलं, साहेब गेले नाहीत. मग जामीनपात्र वॉरंट निघालं. तेव्हापासून खाकी दिसली, की याचा घसा कोरडा.

‘‘लायसन्स?’’

‘‘घरी राहिलं.’’

‘‘डिजिलॉकर दाखवा.’’

‘‘फोनची बॅटरी गेलीये.’’

आणि नेमका फोन वाजला. आईचा! हवालदार हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘तुम्ही सांगा हो, यांचं नाव काय?’’

कॉलेजपासूनची दोस्ती एकीकडे, हा प्रश्न एकीकडे. मी खरं नाव सांगितलं. चौकीतून निघेपर्यंत दोन वाजले.

दुसऱ्या दिवशी आमच्या वकील मैत्रिणीने त्याला जे झापलंय! ‘‘अरे, हेल्मेटच्या चलनासाठी वॉरंटच्या फायली कोण उघडतं? आणि सापडलं असतं तरी काय? चेक बाउन्सचा गुन्हाच जामीनपात्र. असं वॉरंट असलं, तर जामीन देऊन सुटता येतं.’’ वॉरंट जुनं झालं की आपोआप संपतं, असा याचा फंडा होता. साफ चूक. बजावणी होईपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत ते जिवंतच असतं. वकिलाकरवी अर्ज करायचा, स्वतः हजर राहायचं आणि रद्द करून घ्यायचं, एवढंच काम होतं. आपल्या नावावर काही केस आहे का, हे तर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर नाव टाकूनही बघता येतं.

खोटं नाव मात्र महागात. एरवी ज्या किरकोळ गुन्ह्यात पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत, त्यातही नाव खोटं वाटलं तर खरं कळेपर्यंत ताब्यात घेऊ शकतात. आणि दुसऱ्याच्या नावाने फसवणूक केल्याचं कलम लागलं तर? जुन्या ४१९मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या ३१९मध्ये ती पाचपर्यंत गेलीये. ४० हजारांच्या चेकपायी!

मला लागलं ते धाकट्याचं तोंड बघून. त्याचं पासपोर्टचं पोलिस व्हेरिफिकेशन त्याच आठवड्यात होतं. ‘‘दादा, माझंच नाव का?’’ एवढंच विचारलं त्याने. दादाकडे उत्तर नव्हतं.

बुधवारी अर्ज दिला, वॉरंट रद्द झालं. खोट्या नावाचं प्रकरण वेगळं चालू आहे. त्यात माझाही जबाब घेतलाय. मित्र सध्या माझा फोन उचलत नाही.