दारही त्यांचे, टोलही त्यांचा

मार्च 2024 ची सुरुवात. रमजान तोंडावर आला होता आणि त्याआधी निकाह उरकून घ्यायची घरोघर घाई चालली होती. शनिवारी सकाळी आमच्या शेजारच्या खाला मोबाइल हातात घेऊनच घरी आल्या. मुलीसाठी त्या दोन वर्षांपासून स्थळ पाहत होत्या.

"भाईजान, मुस्लिम मॅट्रिमनीचे अ‍ॅप काढून टाकले म्हणे. मी सहा महिन्यांचे पैसे भरलेत. बुडाले का ते?"

पैसे बुडालेले नव्हते. ज्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप आधीच होते, त्यांचे ते चालूच राहणार होते. नव्याने मात्र कोणाला ते उतरवून घेता येत नव्हते. आम्ही तसे सांगितले तेव्हा खालांचा जीव भांड्यात पडला. पण चहा घेता घेता त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, तो आमच्या मनातून गेला नाही. "त्यांचे दुकान आहे तर त्यांना बंद कसे करता येते? दुकान कोणाचे आहे नेमके?"

आज त्याच प्रश्नाबद्दल लिहीत आहोत.

झाले होते ते असे. 1 मार्च 2024 रोजी गूगलने आपल्या प्ले स्टोअरवरून दहा भारतीय कंपन्यांची अ‍ॅप्स हटवायला सुरुवात केली. भारत मॅट्रिमनी, मुस्लिम मॅट्रिमनी, ख्रिश्चन मॅट्रिमनी, मुंबईची शादी डॉट कॉम, नोकरी शोधायचे नोकरी डॉट कॉम, घर शोधायचे 99 एकर्स अशी घरोघरी माहीत असलेली नावे त्यात होती. म्हणजे स्थळ, नोकरी आणि घर, तिन्ही. वाद पैशांचा होता. प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपमधून ग्राहक सभासदत्व, धडे, गाणी, खेळ अशी डिजिटल वस्तू विकत घेतो, तेव्हा त्यातला वाटा गूगल घेते. त्या वेळचा दर असा होता: वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या कमाईवर 15 टक्के, त्यापुढे 30 टक्के, आणि दरमहा वर्गणीवर 15 टक्के. भाजी, रिक्षा, रेल्वेचे तिकीट यांवर हा वाटा नाही. या कंपन्या तो द्यायला तयार नव्हत्या. मद्रास उच्च न्यायालयात त्यांना दाद मिळाली नाही, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत तातडीचा दिलासा दिला नाही, आणि मग अ‍ॅप्स हटली. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीर नापसंती दाखवली, बैठका झाल्या आणि काही दिवसांत अ‍ॅप्स परत आली. भांडण मात्र मिटले नाही.

हा विषय आमच्या घरातही शिरला, कारण आमचा भाचा. तो तळवड्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. रात्री जागून, दोन मित्रांना घेऊन, त्याने लहान मुलांना उर्दू अक्षरओळख मराठीतून शिकवणारे अ‍ॅप तयार केले आहे. मोहल्ल्यातल्या एका शिक्षिका आपा त्याचे धडे आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करतात. जुम्याच्या नमाजनंतर तो आमच्याकडे कागद घेऊन बसला.

"मामू, हिशोब बघा. तीनशे घरांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर तीस हजार. पंधरा टक्के गेले म्हणजे साडेचार हजार. मी आपांना महिन्याला तेवढेच द्यायचे ठरवले होते."

आम्ही विचारले, पैसे यूपीआयने थेट घेतले तर? यूपीआयवर बँक खात्यातून पैसे घेताना दुकानदाराला 2020 पासून शुल्क नाही. भाच्याने मान हलवली. अ‍ॅपच्या आत दुसऱ्या मार्गाने पैसे घ्यायची सोय गूगलने भारतात 2023 मध्ये दिली. पण त्यात वाटा फक्त चार टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे पैसे गूगलच्या गल्ल्यातून गेले नाहीत तरी पंधराच्या जागी अकरा टक्के द्यायचेच. तीस हजारांवर तीन हजार तीनशे.

आमच्या ओट्यावर कासारवाडीचे गॅरेजवाले चाचा बसले होते. त्यांना अ‍ॅपमधले काही कळत नाही, असे ते स्वतःच म्हणतात. पण हे ऐकून ते हसले. "बेटा, तुझे आज आले. आम्ही हे तीस वर्षे भोगतोय. गाडी माझ्यासमोर उभी आहे, बिघाड मला कळतोय, पण पार्ट मला मिळत नाही. कंपनीच्या वर्कशॉपलाच मिळतो. आणि तो पार्ट बनतो कुठे? इथेच, भोसरीत."

चाचांचे हे गाऱ्हाणे कागदावरही आले आहे. 2011 मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की मोटार कंपन्या सुटे भाग आणि बिघाड शोधायची यंत्रे खुल्या बाजारात देत नाहीत. आयोगाने चौकशी वाढवली आणि 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात आपल्या पिंपरीच्या टाटा मोटर्सचा आकडा सर्वांत मोठा, 1,346.46 कोटी. चाकणला कारखाने असलेल्या महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचीही नावे त्या यादीत होती. कंपन्या पुढे अपिलात आणि न्यायालयात गेल्या, दंडाच्या रकमेवर वर्षानुवर्षे वाद चालला.

आयोगाचे म्हणणे साधे होते. गाडी घेताना ग्राहकाला दहा कंपन्यांची निवड असते. पण एकदा गाडी घेतली की तिच्या भागांसाठी तो एकाच दारात उभा असतो. त्या दारावर कंपनीने आणखी कुलपे घातली होती. भाग बनवणाऱ्या कारखान्याने तो थेट बाजारात विकायचा नाही. बाहेरच्या गॅरेजला माहितीपुस्तिका आणि यंत्रे द्यायची नाहीत. बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी गेली. आमच्या पट्ट्यात लेथवर उभा राहून तो भाग घडवणारा माणूस आपलाच माल आपल्या नावाने शेजारच्या गॅरेजला विकू शकत नव्हता.

आता फोन घ्या. भारतात दहांतले नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत. भाच्याने अ‍ॅप घडवले, पण गिऱ्हाइकापर्यंत जायचे दार गूगलचे. आयफोनवर तर अ‍ॅपलच्या दुकानाशिवाय भारतात दुसरे दारच नाही.

मग याला मक्तेदारी म्हणायचे का? इथे घाई करू नये. 2002 च्या स्पर्धा कायद्यात मोठे असणे हा गुन्हा नाही. मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा आहे. शुल्क घेणे हाही गुन्हा नाही. दुकान उभे करायला, झाडून ठेवायला, राखायला खर्च येतो. म्हणून आम्ही भाच्याला तीन प्रश्न विचारायला सांगितले.

पहिला, दुसरा रस्ता आहे का? अँड्रॉइडवर कागदोपत्री आहे. फोनपे कंपनीने फेब्रुवारी 2024 मध्ये इंडस नावाचे वेगळे अ‍ॅप दुकान सुरू केले. पण ते प्ले स्टोअरमध्ये मिळत नाही, बऱ्याच फोनवर बाहेरून उतरवावे लागते, आणि तसे करताना फोन धोक्याची सूचना दाखवतो. आपल्या घरातली किती माणसे ती सूचना वाचून पुढे जातील? गूगलने आपल्या दुकानात इतर दुकाने ठेवू द्यावीत, असा आदेश स्पर्धा आयोगाने 2022 मध्ये दिला होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च 2023 मध्ये तो भाग रद्द केला.

दुसरा प्रश्न, बाहेर स्वस्त मिळते हे गिऱ्हाइकाला सांगता येते का? आमच्या मते गाठ इथेच आहे. भाडे महाग असेल तर माणूस भाडे देतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, घरी या, तिथे दोन रुपये कमी घेईन. पण ते सांगायलाच बंदी असेल तर त्याला भाडे म्हणता येत नाही. अमेरिकेत एपिक गेम्स विरुद्ध अ‍ॅपल हा खटला गाजला. 2021 च्या निकालात न्यायाधीशांनी अ‍ॅपलला मक्तेदार ठरवले नाही. तरी बाहेरच्या किमतीबद्दल ग्राहकाला सांगायला केलेली बंदी मात्र कॅलिफोर्नियाच्या कायद्याविरुद्ध ठरवली. एप्रिल 2025 मध्ये त्याच न्यायालयाने, आदेश नीट पाळला नाही म्हणून, अ‍ॅपलला अवमानाचा दोषी धरले. त्याच महिन्यात युरोपीय आयोगाने याच बंदीसाठी अ‍ॅपलला 50 कोटी युरोचा दंड केला.

तिसरा प्रश्न, दाराचा मालक त्याच बाजारात स्वतःचा ठेला लावतो का, आणि स्वतःला तोच टोल लावतो का? 25 ऑक्टोबर 2022 रोजी स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या प्रकरणात गूगलला 936.44 कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा नेमके हे नोंदवले. इतरांना गूगलच्याच पैसे घेण्याच्या पद्धतीची सक्ती, पण गूगलचे स्वतःचे यूट्यूब त्यातून मोकळे. न्यायाधिकरणाने मार्च 2025 मध्ये हा दंड 216.69 कोटींवर आणला आणि काही निष्कर्ष गाळले. मात्र सक्ती हा गैरवापर आहे, हे कायम ठेवले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

गूगलचे म्हणणेही ऐकले पाहिजे. भारतातले दोन लाखांहून अधिक विकसक प्ले स्टोअर वापरतात आणि त्यांतल्या सुमारे तीन टक्क्यांनाच शुल्क द्यावे लागते, असे कंपनी सांगते. जगभर पोहोचायचे दार, अ‍ॅप तपासण्याची यंत्रणा, वेळोवेळी सुधारणा, हे सगळे त्यात येते. तपासणीची किंमत आम्ही कमी लेखत नाही. चाकणला कंत्राटावर काम करणारी पोरे झटपट कर्जाच्या अ‍ॅपला बळी पडतात, मग घरच्यांना, नातेवाइकांना धमक्यांचे फोन येतात, हे या पट्ट्यात कोणाला नवीन नाही. दारावर पहारेकरी हवाच. पण पहाऱ्याची मजुरी ही मालाच्या किमतीतला पंधरावा किंवा तिसावा टक्का का असावी, आणि पैसे कुठून घ्यायचे हेही पहारेकऱ्यानेच का ठरवावे, याचे उत्तर त्यात नाही.

चाचांनी विचारले, हा इहतिकारच नाही का? आम्ही थांबलो. भाव चढावा म्हणून माल दडवून ठेवणे म्हणजे इहतिकार, आणि तो आपल्याकडे निषिद्धच आहे. पण इथे माल कोणी दडवलेला नाही, तो तर भाच्याने घडवलेला आहे. इथे वाट अडवलेली आहे. दोन्ही एकच, असे फतवा दिल्यासारखे आम्ही म्हणणार नाही. तो अधिकार आलिमांचा. एवढेच म्हणतो, की आमच्या तीन प्रश्नांपैकी दोनांचे उत्तर भाच्याच्या विरुद्ध जाते आणि पहिल्याचे अर्धवट. म्हणून आमचे मत असे, की शुल्क ही मक्तेदारी नव्हे, पण दुसरी वाट नीट न ठेवता, तिच्याबद्दल बोलू न देता, स्वतःला सूट देऊन घेतलेले शुल्क ही मक्तेदारीच.

न्यायालयाचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल. तोवर घरात काय करावे?

एखाद्या अ‍ॅपची वर्गणी भरण्याआधी त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरचा दर पाहा. आयफोनवर अ‍ॅपमधून घेतलेले यूट्यूब प्रीमियम संकेतस्थळापेक्षा महाग पडते. तो फरक कोणी सांगत नाही, आपणच पाहावा लागतो. दुसरे, फोनवरून अ‍ॅप काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये पेमेंट व वर्गणीच्या यादीत जाऊन ती रद्द करा. खालांचेही एक जुने अ‍ॅप असेच पैसे कापत होते. तिसरे, बाहेरचे दार शोधताना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल कधीही उघडून फोनमध्ये बसवू नका. निकाहपत्रिकेच्या नावाने अशा फायली पाठवून बँक खाती रिकामी करणारे टोळके फिरत आहे. आणि ज्यांची मुले भाच्यासारखी काही घडवत आहेत त्यांनी त्यांना सांगावे, गिऱ्हाइकांची यादी पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवा. अन्याय झाला असे वाटले तर स्पर्धा आयोगाकडे कोणीही नागरिक जाऊ शकतो. 2014 चा तो मोठा दंड एका ग्राहकाच्या अर्जातून निघाला होता.

भाच्याने अ‍ॅप स्टोअरवर ठेवायचे ठरवले आहे, आणि शेजारी स्वतःचे साधे संकेतस्थळही. आपांचे साडेचार हजार त्यातून निघतील असा त्याचा हिशोब आहे. अल्लाह त्याच्या मेहनतीत बरकत देवो.

खालांच्या मुलीचे स्थळ ठरले. अ‍ॅपवर नाही, तळेगावच्या एका नातेवाइकाच्या ओळखीने. सभासदत्वाचे चार महिने अजून शिल्लक होते. ते पैसे परत मिळतात का, हे विचारायला खाला पुन्हा मोबाइल घेऊन आल्या होत्या.