कार्डांचं चॅनेल काढताय? पाकिटं फोडू नका, खेळ शिकवा



दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, माझं चॅनेल बघाल का?" पोकेमॉन कार्डांचं चॅनेल होतं. नऊ व्हिडिओ टाकलेले. नऊही व्हिडिओंत एकच गोष्ट चाललेली : बंद पाकीट फोडायचं, कार्डं एकेक करून कॅमेऱ्यापुढे नाचवायची, चमकणारं कार्ड निघालं की ओरडायचं. सर्वांत जास्त चाललेल्या व्हिडिओला ४१ व्ह्यूज होते, आणि त्यातले निम्मे मामे-मावस भावंडांचे असावेत असं त्यानेच सांगितलं. त्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं, की चांगला कॅमेरा घ्यायला घरच्यांना मी सांगावं.

मी विचारलं, "पाकिटांचे पैसे कुठून आले?" आजी-आजोबांनी दिवाळीला दिलेले. सगळे संपले होते. मग मी त्याच्या सगळ्यात आवडत्या कार्डावर बोट ठेवून विचारलं, "हे खेळात काय करतं?" तो गप्प. त्याने हा खेळ एकदाही खेळला नव्हता!

त्याला हसायचं कारण नाही. आपल्याकडे बहुतेक मुलं या कार्डांकडे अशीच वळतात. कार्डं गोळा करतात, अदलाबदल करतात. पण खेळ कसा खेळायचा हे शिकवणारं जवळपास कोणी नसतं. नेमकी हीच जागा मोकळी आहे, आणि नवख्या चॅनेलने तीच धरावी असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही म्हणाल, सर, पाकिटं फोडण्याचेच व्हिडिओ जास्त चालतात. खरं आहे. पण कोणाचे? ज्यांच्याकडे खोकीच्या खोकी येतात त्यांचे. लोगन पॉल नावाच्या प्रसिद्ध अमेरिकन यूट्यूबरने जुन्या पोकेमॉन कार्डांचं एक सीलबंद खोकं ३५ लाख डॉलरला घेतलं. जानेवारी २०२२ मध्ये ते उघडलं, तर आत पोकेमॉन नव्हतेच, जी. आय. जो या दुसऱ्याच मालिकेची कार्डं निघाली. त्या फजितीचाही व्हिडिओ झाला आणि तोही लोकांनी धावत जाऊन पाहिला. म्हणजे त्यांचं नुकसानसुद्धा खपतं. तुमच्या पाकिटातून साधी कार्डं निघाली तर ते बघायला कोण येणार? मग अजून एक पाकीट, मग अजून एक. आत काय आहे ते न सांगता विकलेली वस्तू पुन्हा पुन्हा घ्यावीशी वाटते, हीच तर त्यातली खुबी. व्हिडिओ गेममधल्या अशाच बंद पेट्यांना बेल्जियमच्या जुगार नियंत्रकाने २०१८ साली जुगार ठरवलं. कार्डांच्या पाकिटांवर तो निर्णय नव्हता, पण घरात आई का ओरडते हे त्यावरून समजायला हरकत नाही. डेकसाठी एखादं ठरावीक कार्ड हवं असेल तर ते सुटं मिळतं आणि बहुतेक वेळा पाकिटांच्या मागे लागण्यापेक्षा स्वस्तही पडतं.

आता खेळाकडे येऊ.

अशा प्रकारच्या खेळांची आजची लाट सुरू झाली १९९३ साली, 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळापासून. तो बनवणारे रिचर्ड गारफील्ड हे गणिताचे प्राध्यापक. अमेरिकेतल्या व्हिटमन कॉलेजात ते शिकवायचे. पोकेमॉनची कार्डं १९९६ मध्ये जपानमध्ये आली, यू-गी-ओची त्यानंतर. एका गणितवाल्याच्या डोक्यातून निघालेला खेळ आहे म्हटल्यावर त्यात गणित ठासून भरलेलं असणारच. आणि मित्रांनो, तुमच्या चॅनेलचं भांडवल तेच आहे. त्याला एक पैसा लागत नाही.

एक उदाहरण बघा. पोकेमॉनच्या खेळात डेक बरोबर ६० कार्डांचा. बेसिक एनर्जी सोडली तर एकाच नावाची जास्तीत जास्त ४ कार्डं. डेक पिसून ७ कार्डं हातात घ्यायची. या सातांत एक तरी बेसिक पोकेमॉन हवा. नसला तर हात समोरच्याला दाखवायचा, परत पिसायचं, परत सात उचलायची; आणि समोरच्याला त्याबद्दल एक जादा कार्ड उचलायची मुभा. आता सांगा, डेकमध्ये बेसिक पोकेमॉन किती ठेवावेत? आठ ठेवले तर सुमारे ३५ टक्के वेळा, म्हणजे तीन डावांत एकदा, हातात एकही बेसिक येणार नाही. बारा ठेवले तर ते प्रमाण १९ टक्क्यांवर, म्हणजे पाच डावांत एकदा इतकं खाली येतं. हे सूत्र मांडून सांगायची गरजच नाही. कॅमेऱ्यापुढे डेक वीस वेळा पिसा, वीस वेळा सात कार्डं उचला, बेसिक न आल्यास वहीवर एक रेघ ओढा. मग चार बेसिक वाढवून परत वीस वेळा. तुमच्या रेघा माझ्या टक्क्यांशी तंतोतंत जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, हा पुढचा व्हिडिओ!

आणखी एक सोपं. डावाच्या सुरुवातीला ६ कार्डं उलटी बाजूला ठेवतात, त्यांना प्राइज कार्डं म्हणतात. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की त्यातलं घ्यायचं. तुमच्या डेकमध्ये एखादं कार्ड एकच असेल तर ते नेमकं या सहात जाऊन बसण्याची शक्यता साठात सहा, म्हणजे दहात एक. "माझं लाडकं कार्ड कधी येतच नाही" अशी तक्रार करणाऱ्या मित्राला हे दोन मिनिटांत समजावता येतं. यू-गी-ओ खेळत असाल तर तिथे डेक ४० ते ६० कार्डांचा चालतो, सुरुवातीला ५ कार्डं उचलतात आणि एका कार्डाच्या ३ प्रती ठेवता येतात. चाळिसाच्या डेकमध्ये त्या तिनांपैकी एक तरी पहिल्या हातात येण्याची शक्यता ३४ टक्के, साठाच्या डेकमध्ये २३. मग लोक चाळीसच का ठेवतात? सांगा तुमच्या प्रेक्षकांना.

नवशिका असणं ही इथे उणीव नाही. जो पाच वर्षं खेळतोय तो विसरून गेलेला असतो, की पहिल्या दिवशी आपलं कुठे अडलं होतं. एका पाळीत एनर्जी एकदाच का जोडायची? आत्ताच मांडलेला पोकेमॉन त्याच पाळीत इव्हॉल्व्ह का करता येत नाही? जो पहिला खेळतो त्याला पहिल्या पाळीत हल्ला का करू देत नाहीत? तुम्हाला परवा पडलेला प्रश्न तुम्हाला आज आठवतोय. महिनाभराने आठवणार नाही. तो वहीत लिहून ठेवा. एक प्रश्न, एक व्हिडिओ. चार-पाच मिनिटं पुरे.

शिकवण्याची भाषाही आपल्या हाताशी आहे. पिसणं, वाटणं, उतारी, डाव, भिडू हे शब्द पत्ते खेळणाऱ्या घरात आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतात. बदाम सातमध्ये सगळ्यांना एकाच जोडातली ५२ पानं वाटली जातात. इथे प्रत्येकजण स्वतःची ६० घरून बनवून आणतो. एवढं एक वाक्य बोललात तरी नवख्या माणसाला निम्मा खेळ कळला. बेंच, प्राइज, एनर्जी हे शब्द कार्डांवर आणि नियमांत आहेत तसेच ठेवा, त्यांना ओढूनताणून मराठी करू नका. पण 'रिट्रीट म्हणजे माघार, आणि माघारीचीही किंमत मोजावी लागते' हे मराठीतच सांगा. उगाच "हाय गाईज" कशाला? तुमचा प्रेक्षक तुमच्याच तालुक्यातला असू शकतो.

इंग्रजी चॅनेलं मात्र जरूर बघा. 'टोलॅरियन कम्युनिटी कॉलेज' हे मॅजिकचं चॅनेल 'प्रोफेसर' या नावाने एक गृहस्थ चालवतात. कार्डांची कव्हरं, डेक ठेवायचे डबे असल्या साध्या वस्तू नीट तपासून ते सांगतात, की पैसे घालावेत की नाही. 'गेम नाइट्स' या मालिकेत डाव चालू असताना खेळलेलं कार्ड पडद्यावर मोठं करून दाखवतात. त्यामुळे खेळ न येणाराही बघत राहतो. त्यांची नक्कल नको, पण ते प्रेक्षकाची अडचण कशी ओळखतात ते बघा.

एक विषय तर खास आपल्याकडचा आहे. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात सोनेरी चकचकीत प्लॅस्टिकची पोकेमॉन कार्डं मिळतात ना? जवळजवळ सगळी नकली. 'पोकेमॉन' या इंग्रजी नावातल्या ई या अक्षरावर एक तिरकी रेघ असते, नकलीवर ती बरेचदा गायब. आकडे वाटेल ते छापलेले, अक्षरांचा ठसा वेगळा, पाठीमागचा निळा रंग फिका किंवा भलताच. खरं कार्ड ६३ गुणिले ८८ मिलिमीटरचं, कागदाचं, आणि त्याच्या दोन थरांमध्ये एक पातळ गडद थर असतो. खराब झालेलं एखादं साधं कार्ड फाडलंत तर तो दिसेल. एक खरं आणि एक नकली शेजारी-शेजारी ठेवून व्हिडिओ केलात तर कितीतरी मुलांचे पैसे वाचतील. फक्त दुकानाचं नाव घेऊ नका, आणि नकली कार्ड आणणाऱ्या मित्राची खिल्लीही उडवू नका. त्याच्यासाठी ते त्याचं लाडकं कार्ड आहे.

कॅमेऱ्याचं म्हणाल, तर नवा नको. त्या मुलाचे व्हिडिओ मी पुन्हा बघितले. कार्ड हातात धरून तो हलवत होता, मागे फुलाफुलांची चादर, वर ट्यूबलाइट, आणि चमकत्या कार्डावर नुसता पांढरा लोळ. कार्डावरचं एक अक्षर वाचता येईल तर शपथ. कार्ड टेबलावर आडवं ठेवा, खाली गडद साधं कापड. पुस्तकांच्या दोन थप्प्या करून त्यांवर लाकडी पट्टी ठेवा आणि तिच्यावर फोन, कॅमेरा खाली बघेल असा. उजेड खिडकीतून बाजूने येऊ द्या, डोक्यावरचा दिवा बंद. चकाकणारी कव्हरं असतील तर चित्रण करताना कार्ड बाहेर काढा. कार्डावरचा मजकूर एकदा मोठ्याने वाचून होईपर्यंत हात मध्ये आणू नका. पंखा बंद करायला विसरू नका. आपल्याला त्याचा आवाज जाणवत नाही, फोनला जाणवतो. कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर सुरू करा.

सुरुवातीची तुतारी, फिरणारं नाव, "लाइक करा, शेअर करा" हे सगळं काढून टाका. पहिल्याच वाक्यात प्रश्न यायला हवा : "सात कार्डं उचलली आणि एकही बेसिक नाही, आता काय?" यूट्यूबच्या स्टुडिओत एक आलेख असतो, कोणत्या सेकंदाला किती जण टिकून होते ते दाखवणारा. व्ह्यूजच्या आकड्यापेक्षा तो वाचायला शिका. दोन-चारच प्रेक्षक असताना त्यावरून फार काही ठरवू नका, पण महिनाभराने तो बोलायला लागतो.

पालकांनाही थोडं सांगतो. तेरा वर्षांखालच्या मुलाचं चॅनेल त्याच्या नावावर चालत नाही, ते तुमच्या खात्यावर आणि तुमच्या डोळ्यांसमोर असावं. 'मुलांसाठी बनवलेला' अशी खूण केलेल्या व्हिडिओवर प्रतिक्रिया बंद राहतात. नव्या चॅनेलला ते रुक्ष वाटतं, पण लहान प्रेक्षकांसाठी केलेल्या व्हिडिओला ही खूण करावीच लागते. गणवेश, शाळेची पाटी, सोसायटीचं नाव चित्रणात नको. चेहरा तर लागतच नाही, हात पुरेत. कोणी फुकट कार्डं पाठवली आणि त्यावर व्हिडिओ केला, तर तसं स्पष्ट सांगायचं. चॅनेलमधून पैसे मिळतील या आशेवर मात्र बसू नका. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहिलं गेलेलं असणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज, अशी अट आहे. ४१ व्ह्यूजवाल्याला ते अंतर किती आहे ते कळतंच.

त्या मुलाला मी कॅमेऱ्याची चिठ्ठी काही दिली नाही. दोन डेक करायला सांगितले, असलेल्या कार्डांतूनच. एनर्जी कमी पडली तिथे आम्ही वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून घेतले. शनिवारी शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये तो आणि मी तीन डाव खेळलो. पहिल्या दोन्ही डावांत त्याच्या हातात बेसिक आला नाही. तो वैतागला, आणि मग स्वतःच डेक उलटून बेसिक मोजायला लागला. सहाच निघाले. चमकणारी, मोठमोठी कार्डं भरपूर, पण ती ज्यांच्यापासून इव्हॉल्व्ह व्हायची ते साधे पोकेमॉन त्याने शाळेत देऊन टाकले होते.

दहावा व्हिडिओ त्याने त्यावरच केला. टाकण्याआधी आईला दाखव म्हटलं होतं. तिला हा खेळ अजिबात येत नाही. तिने तीन ठिकाणी थांबवून "म्हणजे काय?" विचारलं, आणि ती तीनही ठिकाणं त्याने पुन्हा चित्रित केली.