डॉक्टरीणबाई गावात का टिकत नाही?



वैद्यकीय महाविद्यालयांत आता जवळपास निम्म्या मुली दिसतात, म्हणून या पेशातला स्त्री-पुरुष भेद मिटत आला, असे सांगितले जाते. प्रवेशाच्या यादीपुरते ते खरे आहे. पण नेकनूरसारख्या गावात हा भेद मोजायचा, तर रात्री दोन वाजता सरकारी दवाखान्यात कोण आहे, हे पाहावे लागते. या शतकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवर आधारलेल्या अभ्यासांत देशातील ॲलोपॅथी डॉक्टरांमध्ये स्त्रिया सुमारे १७ टक्के होत्या, ग्रामीण भागात फक्त ६ टक्के. त्यानंतर मुलींचे प्रवेश वाढले, तरी शहर आणि खेडे यांतली ही दरी आपोआप बुजणारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभरच्या आरोग्यसेवेत ७० टक्के कर्मचारी स्त्रिया आहेत, वरिष्ठ पदांवर मात्र २५ टक्केच. राबणाऱ्या बायका आणि ठरवणारे पुरुष, ही वाटणी आपल्या जिल्ह्याला अनोळखी नाही.

याची किंमत आमच्या भागातल्या बायका मोजतात. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी चौकशी समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ पैकी १३,८६१ महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले, म्हणजे साधारण सहांतील एकीची. त्यामागे खाजगी दवाखान्यांची हाव होती, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल होती, एक खाडा पडला तरी कापला जाणारा पैसा होता. स्त्री डॉक्टर असत्या तर हे घडलेच नसते, असा दावा मी करणार नाही. पैशापुढे स्त्री काय आणि पुरुष काय. पण अंगावरून पांढरे जाते, हे पहिल्याच महिन्यात मोकळेपणाने सांगता येईल असे माणूस जवळ नसले की बाई दुखणे अंगावर काढते, आणि असह्य झाल्यावर गोळ्यांवर भागणाऱ्या दुखण्यासाठी थेट ऑपरेशनच्या टेबलावर पोहोचते. पुरुष डॉक्टरांना दुखणे सांगायला बायका संकोचतात, हे आनंदीबाई जोशींनी १८८३ मध्ये सेरामपूरच्या भाषणात सांगितले होते. तो संकोच आजही पुरता गेलेला नाही.

यावर ठरलेला आक्षेप असतो: मुली शिकतात, लग्न करतात, शहरात निघून जातात, त्यांच्यावरचा सरकारी खर्च वाया. आक्षेप घेणाऱ्यांनी ग्रामीण आरोग्य केंद्राचे निवासस्थान एकदा आतून पाहावे. दाराला नीट कडी नाही, शौचालय सामायिक, आवारात दिवा नाही आणि मूल सांभाळायला कोणी नाही, अशा ठिकाणी नेमणूक मिळालेल्या बाईने बदली मागितली तर तिची निष्ठा कमी होती असे कसे म्हणायचे? आणि प्रश्न नुसत्या निवासस्थानाचाही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्या, आपल्याच बीड जिल्ह्यातल्या तरुण डॉक्टरने जीवन संपवले. तिने एका पोलीस अधिकाऱ्यावर केलेल्या अत्याचाराच्या आरोपाचे खरेखोटे न्यायालय ठरवील. पण पोलिसांकडून येणाऱ्या दबावाची लेखी तक्रार तिने काही महिने आधीच केली होती, ही बाब माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. ती गप्प बसली नव्हती. ऐकायला कोणी नव्हते.

पुरुष डॉक्टरांनाही मारहाण होते, मग स्त्रियांसाठी वेगळे काय मागता, असेही विचारले जाईल. मारहाणीविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे आणि तो सर्वांसाठी आहे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा वेगळा. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणच्या स्त्रीसाठी त्यात जिल्ह्याची स्थानिक समिती सांगितली आहे. लहान केंद्रातल्या डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंपैकी किती जणींना या समितीचा पत्ता ठाऊक आहे? जिल्हा परिषदेने आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी ही समिती, तिचा दूरध्वनी आणि तक्रारीची पद्धत नेकनूरसह प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत रंगवून घ्यावी, आणि पुढच्या नेमणुकीआधी निवासस्थानाला कडी, दिवा आणि रात्रीचा पहारेकरी द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही.

— एक वाचक, नेकनूर (ता. जि. बीड)