चार विसा दहा सात

आमच्या ओझरला परभाषेचे फारसे अप्रूप नाही. १९६४ साली येथे मिग विमानांचा कारखाना निघाला आणि त्याच्यामागोमाग रशियन माणसेही आली. माझे वडील त्याच कारखान्यात होते. पस्तिशी उलटलेला हा गृहस्थ रात्री जेवणे झाल्यावर एक वही घेऊन बसे आणि पाढे म्हणावेत तसे रशियन शब्द घोकी. आम्ही भावंडे पांघरुणात तोंड खुपसून हसत असू. त्या हसण्याची परतफेड मला बेचाळिसाव्या वर्षी करावी लागली, तीही व्याजासकट.

दोन वर्षांपूर्वी यजमानांना फ्रान्समध्ये तुलूझला नोकरी लागली. तुलूझ हे विमाने बांधणारे शहर, म्हणजे मोठे ओझरच म्हणा ना! त्यांचे कचेरीत इंग्रजीवर भागे. मी येथे अकरा वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेले. पण तिथे पाव घ्यायला गेले तरी बोट दाखवून उभी राहायची. शेजारच्या शिकवणीत नाव घातले होते, पण चारच दिवसांत जाणे सोडले. ज्या बाईने शेकडो पोरांना वाचायला शिकवले, तिने मागच्या बाकावर बसून ‘माझे नाव अमुक’ एवढेच अडखळत म्हणायचे, हे मनाला सोसेना.

मग पहिल्याच थंडीत मुलगा तापाने फणफणला. यजमान फिरतीवर. रात्रीचे अकरा. तिकडे अशा वेळी १५ क्रमांक फिरवतात, तो फिरवला. पलीकडच्या बाईंनी ताप किती ते विचारले असावे, असे समजून मी थर्मामीटरवर दिसले ते सांगून टाकले, “साँ कात्र!” म्हणजे एकशे चार. पलीकडे शांतता. तिथे ताप सेल्सियसमध्ये मोजतात आणि माझे थर्मामीटर ओझरच्या औषधाच्या दुकानातले! एकशे चार अंशांवर तिथे पाणी उकळते. बाई शहाण्या होत्या. त्यांनी “फॅरनहाइट?” एवढेच विचारले, मी “वी, वी” म्हणाले, आणि त्यांनी पलीकडे मनातल्या मनात चाळीसचा आकडा मांडला. त्यानंतर त्या एकेक शब्द सुटा करून बोलत राहिल्या. किती औषध द्यायचे, कुठली लक्षणे दिसली तर पुन्हा फोन करायचा, सारे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतले. पहाटे ताप उतरला. मंगळवारी मी शिकवणीला हजर.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात, बावन्न वर्षांचे वय उलटून गेल्यावर, फ्रेंच आणि जर्मन ग्रंथ वाचण्याइतके शिकून घेतले होते, असे मी स्वतःला बजावीत असे. त्यांना ग्रंथ वाचायचे होते. मला नुसता ताप सांगता यायला हवा होता.

आता आकड्यांची गंमत ऐका. फ्रेंचांचे मोजणे साठापर्यंत सरळ चालते. सत्तर म्हणजे ‘साठ दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार वीस’, आणि सत्त्याण्णव म्हणजे ‘चार वीस दहा सात’! वर्गातली ब्राझीलची मुलगी कपाळाला हात लावून बसली. मी मात्र खुदकन हसले. माझी आजी अंडी, आंबे, शेणाच्या गोवऱ्या, सारे विसांनीच मोजी. ‘चार विसा अन् वर सात’ असा तिचा हिशेब. ती शाळेत कधी गेली नाही, पण त्या वर्गात पहिला नंबर तिचाच आला असता.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचेही मला काही अडले नाही. इंग्रजीवर वाढलेल्यांना त्याचा घाम फुटे. पण अक्षरांनी मात्र छळले. आपण लिहितो तसे वाचतो. तिकडे शब्दाच्या शेवटी तीन-तीन अक्षरे नुसती पाहुण्यासारखी बसलेली, तोंडातून ब्र नाही. कांद्याला ‘ओन्यों’ म्हणतात, त्यात एक ‘आय’ उगाच घुसलेला! १९९० साली विद्वानांनी तो गाळायला मुभा दिली, तरी लोक सोडीत नाहीत. पिंपळगाव-लासलगावच्या शेजारची मी. कांद्यावरचा हा अन्याय मला फार लागला.

माझ्या बाकावर एक अल्जीरियाचे आजोबा असत. चाळीस वर्षे त्यांनी त्या शहरात गवंडीकाम केलेले. बोलणे घडघडा, वाचता मात्र अक्षर येत नव्हते. घरी आलेले सरकारी पत्र ते खिशात घालून शेजाऱ्याकडे नेत. शेजारी गेल्या वर्षी वारला, तेव्हापासून पत्रे खिशातच साठू लागली, असे त्यांनी मला हसत हसत सांगितले. मला ते हसणे पाहवले नाही.

मग आमची वाटणी ठरली. मी अक्षर दाखवायचे, त्यांनी ते बोलून माझा उच्चार सुधारायचा. मला ते सरळ ‘तू’ म्हणत, मी त्यांना ‘तुम्ही’. ओझरच्या पारावर जसे चालते तसेच. मी त्यांना पहिलीतल्या पोरांसारखे हवेत बोटाने गिरवायला लावले. गवंड्याचा हात तो, रेघ कशी सरळ यायची! जूनमध्ये त्यांनी एक पत्र स्वतः वाचले. पाण्याचे बिल होते. रक्कम ‘चार वीस’च्या पुढची होती, तरी चुकले नाहीत.

दिवाळीला ओझरला निघाले तेव्हा त्यांनी माझा इथला पत्ता मागितला. मी सांगत गेले, तसे त्यांनी तो वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घेतला. पत्र पाठवतो म्हणाले, आयुष्यातले पहिले. पोस्टमन रोज अकराच्या सुमारास फाटकाशी येतो. आज धनत्रयोदशी. आज विजेचे बिल तेवढे आले.